आडनावाचा रकाना

इसाफ्योर्दूरला नोव्हेंबर सरता सरता
सूर्य डोंगरामागे जातो
आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत तोंड दाखवत नाही.
तेवढ्या अंधारात मला इस्पितळाने काम दिलं :
तक्त्यांचं झाड कर.

तक्ते गुदब्यार्तुरचे. वीस वर्षं
मासेमारीचं जाळं विणावं तसे विणलेले.
माणसं एकीकडे, खाती एकीकडे,
दारं, पाळ्या, किल्ल्या आपापल्या चौकटीत
आणि मधून आकड्यांचे दोरे.
कुठलाही दोरा ओढा, हवं ते वर यायचं.

"या खाडीत झाड पाहिलंयस कधी?" तो म्हणाला,
"आणि तुझं तर उलटं. मूळ वर टांगलेलं."
"हो," मी म्हटलं,
"आणि प्रत्येक पान एकाच फांदीला."

तिथेच घोडं अडलं.
स्वानफ्रीदुर तीन दिवस प्रसूतीकक्षात,
दोन दिवस रुग्णविमानात.
तक्त्याला त्याचं काहीच नव्हतं,
मधल्या एका बारक्या तक्त्यात तिच्या आकड्यापुढे दोन ओळी, संपलं.
झाड मात्र सासरच्या म्हातारीसारखं खोदून विचारत राहिलं :
ते ठीक, पण तू नक्की कुणाची?
शेवटी मी तिला प्रसूतीकक्षाखाली लावलं
आणि विमानाच्या फांदीवर चिठ्ठी अडकवली, सदस्य म्हणून,
तिच्या पूर्ण पत्त्यासकट, पानापासून मुळापर्यंत.

मग आडनाव.
नियमावलीत तो रकाना सक्तीचा, रिकामा ठेवता येत नाही.
आमच्यात आडनावच नसतं.
बाप असतो, आणि त्याच्या नावापुढे मुलगा किंवा मुलगी.
फोनच्या वहीतसुद्धा आम्ही पहिल्या नावाने सापडतो.
काय करणार? एका रात्रीत मी
चारशे बारा बाप त्या रकान्यात बसवले.
बसले बिचारे, निमूट.

डिसेंबरात स्वानफ्रीदुरचा अर्ज आला :
हाफ्लिदीची मुलगी खोडा,
एलिनबोर्गची मुलगी लिहा.
कारण दिलेलं नव्हतं. गावाला ठाऊक होतं,
म्हणून कुणी विचारलं नाही.
मी नाव बदललं. एक आज्ञा, एक एंटर.
कॉफी प्यायला गेले.

पहाटे चारला फोन.
औषधांच्या खोलीचं दार तिला ओळखेना.
बर्फ गुडघाभर. पोचले तेव्हा ती
जिन्यावर बसली होती, मांडीवर मेलेलं कार्ड.
"मी बापाला सोडलं," म्हणाली,
"दाराने मला का सोडलं?"

कारण पत्ता मी नावाने बांधला होता.
पान नव्या नावाने उभं होतं
आणि सगळ्या चिठ्ठ्या
हाफ्लिदीच्या मुलीला हाका मारत होत्या
जी आता कुठेच नव्हती.

गुदब्यार्तुरला उठवलं. तो तळघरात गेला,
त्याचे तक्ते त्याने बंद केलेच नव्हते.
तीन हजार एकाहत्तर. तीच ओळ, तोच आकडा.
आकड्याला बाप नव्हता, आईही नव्हती.
दार उघडलं.
तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

नंतरचा महिना मी पुन्हा पहिल्यापासून लावणी केली.
पानाचं नाव आकडा,
आणि माणसाचं नाव पानावर चिकटवलेलं, हवं तेव्हा बदलता येईल असं.
फांद्याही कमी केल्या. जवळजवळ सपाटच.
झाड म्हणायची लाज वाटावी इतपत.

पंचवीस जानेवारीला सोलगाता रस्त्यावर ऊन आलं, काही मिनिटं,
सगळे पॅनकेक घेऊन खिडकीशी.
स्वानफ्रीदुरने भरल्या तोंडाने विचारलं,
"तो सक्तीचा रकाना गेला का?"
"नाही. तो काही जाणार नाही."
"मग माझ्या पुढे काय?"
"तुझी आई."
तिने बोटांवरची साखर चाटली, आणखी एक उचलला.

ऊन गेलं होतं.
खाली तळघरात ते जुनं यंत्र घरघरत होतं.
ते बंद करायचा हुकूम
अजून कुणी मला दिलेला नाही,
मीही विचारलेलं नाही.